काटा, कुरूप आणि भार : धावत्या कुत्र्याच्या पंजाविषयी एक संवाद

वासाऐवजी नजरेने सावज हेरून केवळ वेगाच्या बळावर ते गाठणाऱ्या कुत्र्यांच्या गटाला ‘साइटहाउंड’ म्हणतात. इंग्लंड-आयर्लंडमधील ग्रेहाउंड ही या गटातील सर्वांत ख्यातनाम जात असून मराठवाड्यातील ‘कारवानी’ आणि सीमेपलीकडच्या, कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातील ‘मुधोळ’ हे तिचे दख्खनी भाऊबंद होत. मध्य आशियाकडून आलेल्या कारवानांबरोबर, म्हणजे व्यापारी तांड्यांबरोबर, या कुत्र्यांचे पूर्वज दख्खनेत उतरले असे परंपरेने सांगितले जाते आणि कारवानी हे नावही त्यावरूनच पडले असे मानतात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी या वाणाला राजाश्रय दिला, लातूर जिल्ह्यातील जानवळ हे गाव आजही कारवानी कुत्र्यांसाठी ओळखले जाते, आणि भारतीय टपाल खात्याने ९ जानेवारी २००५ रोजी देशी श्वानांवर काढलेल्या चार तिकिटांपैकी एक मुधोळच्या वाट्याला आले. लांब पाय, खोल छाती, आत गेलेले पोट, अंगावर नावापुरती चरबी आणि लांबट, घट्ट मिटलेल्या बोटांचा पंजा हे या साऱ्या जातींचे समान रूप आहे. या रूपातील सर्वांत दुर्लक्षित आणि तरीही सर्वाधिक राबणारा अवयव म्हणजे तो पंजा होय.

पाश्चात्त्य देशांत ग्रेहाउंडच्या पायांच्या दुखण्यांचा प्रश्न मुख्यतः शर्यतीतून निवृत्त झालेल्या कुत्र्यांच्या निमित्ताने पुढे आला. २४ जुलै १९२६ रोजी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर यांत्रिक सशामागे कुत्रे धावविण्याची ब्रिटनमधील पहिली नियमित शर्यत झाली आणि त्यानंतर हा एक मोठा व्यवसाय बनला; परंतु शर्यतीचे आयुष्य थोडेच असल्याने उरलेल्या आयुष्यासाठी हे कुत्रे दत्तक देणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. पुढे अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात २०१८ च्या मतदानाने अशा शर्यती बंद करण्याचे ठरले, त्यानंतर हजारो कुत्रे घरोघरी गेले. परभणी जिल्ह्यातील जिंतूर परिसरात शर्यतीची धावपट्टी नाही, मात्र प्रश्नाचे मूळ निराळे नाही. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने सशाची शिकार गुन्हा ठरल्यावर धावणाऱ्या कुत्र्याचे जुने काम संपले, हौस तेवढी उरली. आणि हौसेने पाळलेला कुत्रा लंगडू लागला की त्याला दूरच्या शिवारात सोडून देण्याचा मोह माणसाला होतो. असा कुत्रा ज्याच्या दारी येतो, त्याच्यापुढे पहिला प्रश्न त्याच्या पोटाचा असतो आणि दुसरा त्याच्या पायाचा.

जिंतूरची भूमी पायाची परीक्षा घेणारी आहे. तालुक्याच्या उत्तर भागात अजिंठा डोंगररांगेचे फाटे येतात आणि तेथे मुरूम, बेसाल्टचे गोटे व खुरटी काटेरी झुडपे आढळतात. पूर्णेच्या खोऱ्यात, येलदरी धरणाच्या आसपास आणि खालच्या पट्ट्यात काळी जमीन आहे, जी पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिकटून बसते व उन्हाळ्यात भेगाळून ढेकळांच्या कडा धारदार करते. सराटे, बाभळीचे काटे, गवताचे कुसळ आणि तूर-पऱ्हाटी काढल्यानंतर शेतात उभी राहणारी धसकटे यांची त्यात भर पडते, आणि अलीकडे डांबरी व सिमेंटच्या रस्त्यांची.

या पार्श्वभूमीवर दोन भूमिका समोरासमोर येतात. पहिली ‘पालका’ची, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गुरे-कुत्री सांभाळलेल्या वयस्क शेतकऱ्याची, जो काट्याला व मातीला कारण मानतो आणि शस्त्राला भितो, दुसरी ‘पशुवैद्या’ची, जो गादीतील विकृती डोळ्यांनी पाहिल्याशिवाय व क्ष-किरणाने हाड तपासल्याशिवाय बोलत नाही. पुढील संवाद या दोन भूमिकांचा आहे, दोन विशिष्ट व्यक्तींचा नव्हे.

कारणाविषयी

पालक : डॉक्टरसाहेब, दारी आलेल्या या कारवानी कुत्र्याच्या पुढच्या उजव्या पायाला कुरूप झाले आहे. माणसाच्या तळपायात काटा मोडला आणि त्याचे टोक आत राहिले की महिना-दोन महिन्यांनी तेथे कुरूप धरते, हे गावात लहान पोरही सांगेल. कुत्रा तर अनवाणीच जन्मतो. तेव्हा काटा शोधावा, काढावा आणि विषय संपवावा. त्यासाठी परभणीपर्यंत खेटे कशाला?

पशुवैद्य : मामा, काट्याचे म्हणणे टाकाऊ नाही. ग्रेहाउंडच्या कुरुपाची जी कारणे पशुवैद्यकात मांडली गेली, त्यांत गादीत रुतलेले बारीक खडे-काटे हे एक आहेच; जुन्या जखमेचा वण हे दुसरे आणि माणसाच्या चामखिळीस कारण ठरणाऱ्या पॅपिलोमा गटातील विषाणू हे तिसरे. परंतु बहुतेक कुरुपांच्या तळाशी शोधूनही काटा सापडत नाही, ही अडचण आहे. कुरूप म्हणजे मेलेल्या त्वचेचा, केराटिन नावाच्या शिंगासारख्या कठीण प्रथिनाचा दाबून घट्ट झालेला शंकू असतो. त्याचा रुंद भाग जमिनीकडे आणि निमुळते टोक आत, जिवंत मांसाकडे असते. कुत्रा पाऊल टेकतो तेव्हा हा शंकू खिळ्यासारखा आत दाबला जातो, म्हणून वेदना काट्यासारखी होते आणि काटा नसतानाही काटा असल्यासारखे वाटते.

पालक : काटा नाही तर मग तो शंकू तयार कशाने झाला?

पशुवैद्य : भाराने. कुत्रा टाच टेकून चालत नाही, तो बोटांवर चालतो. त्याच्या अंगाचा सुमारे साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो आणि प्रत्येक पंजात मधली दोन बोटे, म्हणजे तिसरे व चौथे, तो सर्वाधिक पेलतात. कुरुपेही बहुधा त्याच दोन बोटांच्या गाद्यांवर आढळतात. केवळ काटा हेच कारण असते, तर ती चारही पंजांवर आणि सगळ्याच जातींच्या कुत्र्यांत सारखी आढळली असती; प्रत्यक्षात ती प्रामुख्याने ग्रेहाउंडमध्ये व त्याच्यासारख्या बांध्याच्या कुत्र्यांत दिसतात, कारण गादीखालची मऊ मेदाची उशी त्यांच्यात पातळ असते आणि हाड व जमीन यांच्यामध्ये दाब वाटून घेणारे फारसे काही उरत नाही.

पालक : म्हणजे दोष मातीचाच ठरला. मऊ रानात वाढलेल्या कुत्र्याला हे दुखणे होत नाही आणि रस्त्यावर वाढलेल्याला होते, एवढेच तर म्हणणे आहे.

पशुवैद्य : अर्धे म्हणणे मान्य आहे. कठीण जमीन दाब वाढविते हे खरे. पण एकाच अंगणातील दोन कुत्र्यांपैकी एकालाच कुरूप होते, तेव्हा बोटाचा जुना मार, निखळून बसलेला सांधा, सैल पडलेला स्नायुबंध किंवा वाढलेले नख यांपैकी काहीतरी त्या एका बोटावर जादा भार टाकत असते. माती सर्वांना सारखी असली तरी भाराची वाटणी प्रत्येकाची वेगळी असते.

परीक्षेविषयी

पालक : कुरूप आहे की नाही हे ओळखायला शाळा लागत नाही. कुत्रा डांबरी रस्त्यावर तीन पायांवर येतो आणि नांगरलेल्या रानात शिरला की चारही पाय टेकून पळतो. जे दुखणे रानात दिसत नाही आणि रस्त्यावर दिसते, ते कुरूप.

पशुवैद्य : हे निरीक्षण पाठ्यपुस्तकात शोभेल इतके नेमके आहे. सांधा किंवा हाड दुखत असते, तर उंचसखल नांगरटीतही त्रास झाला असता. तरीही निदान एवढ्यावर थांबवू नये. कुत्र्याला कुशीवर निजवावे, पंजा उजेडाकडे करावा आणि प्रत्येक गादी ओल्या बोळ्याने पुसावी. कोरड्या, राखाडी-काळ्या गादीवर जे दिसत नाही ते ओली झाल्यावर उमटते : ज्वारीच्या दाण्यापासून तुरीच्या दाण्यापर्यंतच्या आकाराचा, भोवतालच्या त्वचेपेक्षा फिकट, काचेसारखा किंचित पारदर्शक गोल, ज्याच्या कडेला बारीक खाच असते आणि जो कधीकधी गादीच्या वर थोडासा उचललेला असतो. गादी दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबली की कुत्रा पाय मागे खेचतो. तसे झाले की शंका फारशी उरत नाही.

पालक : आणि तसा गोल दिसलाच नाही तर?

पशुवैद्य : मग यादी मोठी आहे. बेचक्यात शिरलेले कुसळ आतल्या आत सरकत जाऊन पू धरते आणि बोटांमध्ये फुगीर, वाहणारी गाठ दिसते. बेचक्यातच गोचिडीही दडतात, आणि गोचीडतापात आज एक पाय व उद्या दुसरा असे फिरते लंगडणे असते. नखाचे मूळ सुजून एकामागून एक नखे गळू लागली, तर तो शरीराने स्वतःच्याच नखांवर केलेला हल्ला असू शकतो, ज्याला ल्युपॉइड ऑनिकोडिस्ट्रॉफी म्हणतात. पण सर्वांत भय आहे ते हाडाच्या कर्करोगाचे. ऑस्टिओसार्कोमा हा कर्करोग ग्रेहाउंडमध्ये ठळकपणे आढळतो. वयस्क कुत्र्याच्या गादीवर कुरूप आहे म्हणून लंगडणे त्याचेच मानले आणि मनगटाच्या वरच्या हाडातील गाठ तशीच राहिली, तर चूक दुरुस्त करायला वेळ मिळत नाही. परभणीचे पशुवैद्यकीय व पशुविज्ञान महाविद्यालय जिंतूरपासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर आहे. क्ष-किरणासाठी एक खेप करावी असे सांगायचे ते यासाठी.

पालक : गोचीडताप तर रक्त तपासूनही कळत असेल.

पशुवैद्य : कळते, पण येथेच जातीचे ज्ञान उपयोगी पडते. ग्रेहाउंडच्या रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा जास्त आणि प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठविणाऱ्या कणिका, उपजतच कमी असतात. गोचीडतापातही प्लेटलेट घटतात. म्हणून एका आकड्यावरून गोचीडतापाची औषधे सुरू करण्याआधी कुत्रा कोणत्या बांध्याचा आहे हे पाहावे लागते. ग्रेहाउंडचे सगळे आकडे कारवानीला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत, परंतु दोघांचा बांधा इतका जवळचा आहे की सावधगिरी तीच ठेवणे हिताचे.

घरच्या उपायांविषयी

पालक : आता उपायाचे बोलू. बिब्बा तापवून त्याचे तेल काटा मोडलेल्या जागी लावणे हा जुना इलाज आहे. भेगा आणि कुरूप दोन्हींवर तो चालतो. तो नको असेल तर औषधाच्या दुकानात कॉर्न कॅप मिळते, ती चिकटवावी. आणि तेही नको असेल तर न्हाव्याकडच्या ब्लेडने वरचा थर तासावा.

पशुवैद्य : यांतील पहिल्या दोहोंत एक समान दोष आहे, मामा : कुत्र्याला जीभ आहे आणि ती पंजापर्यंत पोहोचते. बिब्ब्याच्या तेलातील दाहक द्रव्ये माणसाच्या कातडीवरही फोड आणतात. कुत्र्याने ते चाटले तर तोंड व घसा भाजतो. कॉर्न कॅपमध्ये सॅलिसिलिक आम्ल असते, जे कठीण त्वचा विरघळविते, पण कुरूप कोणते आणि चांगली गादी कोणती हे त्या आम्लाला कळत नाही. शिवाय ते पोटात गेले तर जठर-आतड्यांत व्रण पडू शकतात. ब्लेडने तासताना जिवंत थर कापला गेला की पावसाळ्यात त्या जखमेत अळ्या पडायला दोन दिवसही लागत नाहीत. आणखी एक गोष्ट : कुत्रा कळवळतो म्हणून माणसाच्या गोळ्यांपैकी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक देऊ नये, पोटातील रक्तस्राव आणि मूत्रपिंडाची हानी ही त्यांची ठरलेली किंमत आहे.

पालक : नको ते सांगून झाले; मग हवे ते काय?

पशुवैद्य : गादी मऊ ठेवणे आणि कुरूप हलक्या हाताने उचलणे. कोमट पाण्यात पंजा पाच-दहा मिनिटे बुडवावा, बेचकी कोरडी करावीत आणि गादीवर व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा. कुत्रा शांत बसला तर त्यावर तासभर जुना सुती मोजा चढवावा. हे रोज केले की कठीण थर नरम पडतो. त्यानंतर पशुवैद्य बोथट धारेच्या अवजाराने कुरुपाच्या कडेच्या खाचेतून शिरून तो शंकू सालासकट भुईमुगाचा दाणा सुटावा तसा अखंड उचलतो. पातळी बरोबर सापडली तर रक्त येत नाही, भूल लागत नाही आणि कुत्रा टेबलावरून उतरताच पाय टेकतो. मात्र काही आठवड्यांनी शंकू पुन्हा भरतो, आणि पुन्हा यावे लागते.

पालक : म्हणजे गवत काढण्यासारखे, मूळ तसेच राहते.

पशुवैद्य : उपमा योग्य आहे. मूळ भारात आहे, आणि भार गादी तासून कमी होत नाही.

पालक : बैलाला डांबरी रस्त्याने बाजारला न्यायचे असेल तर पत्री ठोकतात. कुत्र्याला तसे पायताण का नसावे?

पशुवैद्य : असावे, पण मर्यादेत. बैलाच्या खुराचे बाहेरचे कवच मृत शिंगाचे असते, म्हणून त्यात खिळा जातो. कुत्र्याची गादी जिवंत आहे, तिच्यात घामाच्या ग्रंथी आहेत, आणि ती दिवसभर बंद राहिली तर ओलसर होऊन सडते. मऊ तळाचा, हवा खेळणारा बूट रस्ता ओलांडेपर्यंत घालावा आणि घरी आल्यावर काढावा. सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधण्याची युक्ती मात्र टाळावी, कारण तिच्यात हवाही जात नाही आणि घट्ट बांधली तर बोटांचा रक्तप्रवाहही अडतो.

शस्त्राविषयी

पालक : इतके सगळे करूनही कुत्रा लंगडतच राहिला तर डॉक्टरसाहेब अखेरीस बोट कापायला सांगणार, हे गावाला ठाऊक आहे. सोडून दिलेल्या कुत्र्याचा जीव वाचवला, आता त्याचे अवयव तोडायचे, हे कुठले धर्मकार्य?

पशुवैद्य : शस्त्राचा इतिहास पाहिला तर तो मामांच्या बाजूनेच झुकताना दिसेल. आरंभी पशुशल्यवैद्य कुरूप भोवतालच्या त्वचेसह कापून टाकीत आणि टाके घालीत. परंतु माइक गिलियार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली ब्रिटनमधून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने कुरूप हे भाराच्या दाबातून येते या मताला बळ दिले आणि कापलेली कुरुपे मोठ्या प्रमाणात परत येतात हेही समोर ठेवले. दुसरा मार्ग बोट काढण्याचा. त्याने त्या बोटाचे दुखणे संपते खरे, पण त्याचा भार शेजारच्या बोटावर जातो आणि कालांतराने तेथे नवे कुरूप उगवू शकते. म्हणून तो शेवटचा मार्ग मानला जातो.

पालक : म्हणजे कापणे फसले, हे पशुवैद्यकाने कबूल केले.

पशुवैद्य : गादी कापणे फसले, हे कबूल केले, आणि म्हणून नजर गादीवरून कंडरेकडे गेली. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. बोट खाली वाकविणाऱ्या दोन कंडरांपैकी वरवरची कंडरा बोटाच्या मधल्या हाडाला चिकटते आणि बोटाची कमान उभी ठेवते. ती त्या एका बोटापुरती कापली की कमान उतरते, बोट किंचित सपाट होते आणि एका ठिपक्यावर पडणारा दाब सबंध गादीवर पसरतो. कुरुपाला हातही न लावता दुखणे कमी होते आणि अनेकदा कुरूप हळूहळू झिजूनही जाते. ही छोटी शस्त्रक्रिया अलीकडच्या वर्षांत स्वीकारली गेली आहे. तिच्यामागचा विचार मामांचाच आहे की जमीन आणि पाय यांच्यातील दाब बदलला पाहिजे.

पालक : छोटी असली तरी भूल द्यावीच लागेल. अंगावर मांस नसलेला कुत्रा भुलीतून उठत नाही, असे ऐकिवात आहे.

पशुवैद्य : ऐकिवात आलेल्या गोष्टीला येथे शास्त्राचा आधार आहे. थायोपेंटोन हे जुने, स्वस्त भूलद्रव्य शरीरातील चरबीत शोषले जाऊन त्याचा अंमल उतरतो; ग्रेहाउंडजवळ चरबी अत्यल्प आणि यकृताची ते मोडण्याची गतीही मंद, त्यामुळे इतर कुत्रा तासाभरात उठेल तेथे हा कित्येक तास पडून राहतो. म्हणून या बांध्याच्या कुत्र्याला थायोपेंटोन देऊ नये, दुसरे द्रव्य निवडावे आणि शस्त्रक्रियेनंतर त्याला उबेत ठेवावे, हे पालकाने स्वतःहून सांगणेही गैर नाही. ग्रेहाउंडमध्ये जखम पहिल्या दिवशी कोरडी दिसून ३६ ते ४८ तासांनी रक्त झिरपू लागल्याचीही उदाहरणे आहेत. तेव्हा पट्टी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अवश्य पाहावी.

सांभाळाविषयी

पालक : हे सर्व ऐकून एकच प्रश्न उरतो. ज्या कुत्र्याला धावता येणार नाही, शिकार तर कायद्यानेच बंद आहे, आणि राखण गावठी कुत्राही करतो, त्याच्या एका बोटासाठी एवढा खर्च आणि एवढी दगदग करण्यात शहाणपण आहे का?

पशुवैद्य : या प्रश्नाचे एक उत्तर कायद्यात आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील कलम ११ नुसार, भूक किंवा तहान यांनी प्राण्याला यातना होतील अशा स्थितीत त्याला वाजवी कारणाशिवाय सोडून देणे हा अपराध आहे. म्हणजे पहिल्या मालकाने जे केले ते दुसऱ्याने करून चालणार नाही. पण दुसरे उत्तर खर्चाविषयी आहे आणि ते मामांना अधिक पटेल. या दुखण्यात महाग पडते ते दुर्लक्ष. कुत्रा सहा महिने एक पाय उचलून चालला की दुसऱ्या खांद्यावर व मनगटावर जादा भार येतो, उचललेल्या पायाच्या दंडाचा स्नायू सुकतो, आणि मग एका बोटाचे दुखणे दोन पायांचे होते. याउलट रोजची देखभाल जवळजवळ फुकट आहे.

पालक : ती देखभाल सविस्तर सांगावी, पाळायला काही हरकत नाही.

पशुवैद्य : उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत आणि सूर्य मावळल्यानंतर फिरवावे. हाताचा पालथा तळवा डांबरावर सहा-सात सेकंद ठेवता आला नाही, तर कुत्र्याचा पायही तेथे टेकवू नये. वाट निवडताना बांधाची माती, नांगरलेले रान, ओढ्याची वाळू यांना पसंती द्यावी आणि तूर-पऱ्हाटीच्या धसकटांतून मोकळे सोडू नये, कारण धावताना बोटांमधील पातळ पडदा उभा फाटतो आणि तो सांधणे कठीण असते. नखे दोन-तीन आठवड्यांनी थोडीथोडी घासावीत. नख जमिनीला टेकून बोट वर ढकलले गेले की भाराची दिशाच बदलते, आणि काळ्या नखातील नस दिसत नसल्याने एकदम कापण्यापेक्षा कानसीने घासणे बरे. पावसाळ्यात बाहेरून आल्यावर बेचक्यांतला चिखल धुऊन पाय कोरडे करावेत. निजायला गोणपाटाच्या दोन-तीन घड्या घालाव्यात. अंगावर मांस नसलेला कुत्रा फरशीवर निजला तर कोपरांवरही घट्टे पडतात. वजन वाढू देऊ नये, कारण प्रत्येक जादा किलोचा मोठा वाटा शेवटी त्याच दोन बोटांवर येतो.

पालक : यातले निम्मे तर गुरांच्या बाबतीत घरोघरी पाळले जाते.

पशुवैद्य : म्हणूनच ते पाळले जाईल अशी आशा आहे.

निर्णय

दोन्ही भूमिका तपासून पाहता वाद वरवर माती विरुद्ध शस्त्र असा दिसला तरी तो मुळात तसा नाही. पालकाच्या भूमिकेतील बळ तिच्या निरीक्षणात आहे : कठीण जमिनीवर लंगडणारा आणि मऊ जमिनीवर धावणारा कुत्रा पाहून तिने दुखण्याचे स्थान अचूक ओळखले आणि ज्या दाबाच्या विचारापर्यंत पशुशल्यवैद्यक अनेक फसलेल्या शस्त्रक्रियांनंतर पोहोचले, तो विचार तिने मातीच्या भाषेत आधीच मांडला होता. तिचा दुबळेपणा तिच्या उपायांत आहे, कारण बिब्बा, ब्लेड आणि आम्ल हे तिन्ही गादीशी भांडतात, भाराशी नव्हे. म्हणजे उपाय करताना ती स्वतःचेच निदान विसरते. पशुवैद्याच्या भूमिकेचे बळ भेद करण्यात आहे : कुरूप, कुसळ, गोचीडताप आणि कर्करोग ही चारही दुखणी एकाच लंगडण्याने व्यक्त होतात आणि त्यांतील काही जीवही घेऊ शकतात, हे ती विसरू देत नाही. मात्र जेथे ती केवळ कापण्यावर विसंबली तेथे तिलाही अपयश आले.

यावरून उपचाराचा क्रम निश्चित करता येतो. प्रथम निदान, वय झालेल्या कुत्र्यात क्ष-किरणासह. त्याचबरोबर चालण्याची जमीन, नखे आणि वजन यांची दुरुस्ती. मग गादी मऊ ठेवून पशुवैद्याकडून वेळोवेळी कुरूप उचलून घेणे. ते वरचेवर करावे लागू लागले तर कंडरेची शस्त्रक्रिया. आणि यांपैकी कशानेच भागले नाही तरच बोट काढण्याचा विचार. हा क्रम उलटा फिरविल्यास कुत्र्याचे बोट जाते आणि दुखणे शेजारच्या बोटात उरते.

कारवानी कुत्र्याची किंमत आजवर त्याच्या वेगावर ठरत आली, म्हणून वेग गेला की किंमतही गेली असे मानले गेले. परंतु त्या वेगाचा सगळा भार ज्या दोन बोटांनी वाहिला, त्यांची तपासणी करायला वाटीभर पाणी, कापसाचा बोळा आणि सकाळचा उजेड एवढेच लागते. लंगडू लागलेला कुत्रा शिवारात सोडून देण्याच्या विचारात असलेल्या प्रत्येकाने त्याआधी एकदा त्याचा पंजा ओला करून उजेडात पाहावा.